लंडनची पेढी आणि काणकोणचा ढिगारा

कायदा शिकण्यासाठी समुद्र ओलांडणे ही गोमंतकाला नवी गोष्ट नव्हे. पोर्तुगीज अमदानीत येथील सुखवस्तू घराण्यांतील तरुण कोइंब्राच्या विद्यापीठात जात, कायद्याची पदवी घेऊन परतत आणि पणजी-मडगावच्या न्यायालयांत वकिली थाटत. पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानातील तरुण लंडनची वाट धरीत, तेथील ‘इन्स’मध्ये ठरावीक जेवणे जेवीत आणि बॅरिस्टर होऊन बोटीने मुंबईस उतरत. त्या पिढ्यांनी परदेशातून आणलेल्या कायद्याचे पुढे काय केले हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी त्या बळावर बंगले बांधले. कोणी ज्यांच्याकडून तो कायदा शिकला त्यांनाच त्याचा जाब विचारला. विद्या तीच होती, पण ती कशासाठी आणली यावर तिचे मोल ठरले.

हे आठवण्याचे कारण असे की, कायद्याच्या विद्यार्थ्यांची एक नवी वारी आता रूढ होऊ लागली आहे. पदवीसाठी वर्षानुवर्षे परदेशी राहण्याऐवजी आठवडा-पंधरवड्याचा अभ्यासदौरा काढावा, तिकडील वकिलांच्या मोठ्या पेढ्यांना भेटी द्याव्या, तेथील अनुभवी वकिलांची व्याख्याने ऐकावी, एखादे न्यायालय पाहावे आणि परतावे, असे या वारीचे स्वरूप असते. ज्या विषयांसाठी विद्यार्थी लंडन गाठतात त्यांत बांधकामविषयक कायदा हा एक महत्त्वाचा विषय आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेने २०२३ साली नियम करून आणि २०२५ साली ते सुधारून परदेशी पेढ्यांना परस्परतेच्या तत्त्वावर, न्यायालयाबाहेरील सल्ल्यापुरते व आंतरराष्ट्रीय लवादापुरते, आपल्या देशाचे दार किलकिले केले आहे. तेव्हा ही ये-जा येत्या काळात वाढणार, कमी होणार नाही, हे उघड आहे.

अशा दौऱ्यांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाला ही निव्वळ श्रीमंतांच्या मुलांची सहल वाटते. टेम्स नदीच्या काठी छायाचित्रे काढली आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावले की शिक्षण झाले, असा त्याचा उपहास असतो. दुसऱ्या पक्षाला तिकडचे जे जे म्हणून दिसेल ते ते उचलून इकडे आणावे असे वाटते. आम्हांला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. लंडनमध्ये या विषयात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते जाऊन पाहिल्यानेच नीट कळते. परंतु काय विचारायचे हे घरूनच ठरवून न गेलेल्या विद्यार्थ्याला ती पेढी आपली फक्त दर्शनी बाजू दाखवील, आणि तो तेवढीच घेऊन परतेल.

प्रथम हा कायदा म्हणजे काय ते पाहू. कोणतीही इमारत, पूल वा धरण ही एकट्याची कृती नसते. मालक, वास्तुशिल्पी, अभियंता, मुख्य कंत्राटदार, त्याचे पोटकंत्राटदार, माल पुरविणारे व्यापारी, पैसा पुरविणारी बँक आणि विमा उतरविणारी कंपनी अशी माणसांची एक साखळीच कामाला लागलेली असते. काम लांबले तर नुकसान कोणाचे? आराखडा मध्येच बदलला तर जादा खर्च कोणी द्यायचा? पाया खणताना खडकाऐवजी चिखल लागला तर धोका कोणाचा? ताबा दिल्यावर पाचव्या वर्षी स्लॅब गळू लागला तर कोणाच्या दारात उभे राहायचे? या प्रश्नांची उत्तरे कामाला हात घालण्यापूर्वीच कागदावर ठरविणे आणि ठरले नसल्यास मागाहून न्यायाने लावणे, हे या कायद्याचे क्षेत्र होय.

यांतील तिसरा प्रश्न कोकणच्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने सात-साडेसातशे किलोमीटरचा मार्ग बांधताना नव्वदहून अधिक बोगदे खणले. सह्याद्रीच्या कातळाने यंत्रांची परीक्षा पाहिली खरी, पण खरा घाम फोडला तो मऊ मातीने. पेडण्याच्या बोगद्यात पाण्याने भिजलेली माती खणावी तशी पुन्हा ढासळत होती. तेथे वर्षेही गेली आणि माणसेही गेली. जमिनीच्या पोटात काय दडले आहे हे निविदा भरताना कोणासच दिसत नाही. मग ते अदृष्ट कोणाच्या माथी, हा प्रश्न जगभरच्या बांधकाम करारांत एका स्वतंत्र कलमाचा विषय झालेला आहे.

या विद्येचे माहेरघर लंडन कसे झाले हे समजून घेण्यासारखे आहे. आल्फ्रेड हडसन यांचा बांधकाम करारांवरील ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला; याच वर्षी गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टर झाले. विलंबामुळे कंत्राटदाराचा जो कार्यालयीन खर्च व नफा बुडतो तो मोजण्याचे सूत्र आजही त्या ग्रंथाच्या नावाने ओळखले जाते, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००६ सालच्या मॅकडरमॉट खटल्यात त्याची दखल घेतलेली आहे. बांधकामाचे किचकट, हिशेबी तंटे ऐकण्यासाठी इंग्लंडने १८७३ च्या न्यायव्यवस्था कायद्यानेच स्वतंत्र अधिकारी नेमले होते. त्यांच्याच परंपरेतून १९९८ साली ‘तंत्रज्ञान व बांधकाम न्यायालय’ हे नाव धारण करणारे खास न्यायालय उभे राहिले. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीशाला सकाळी कुळाचा दावा, दुपारी घटस्फोट आणि संध्याकाळी पुलाच्या खांबाचा हिशेब ऐकावा लागतो. तेथे वर्षानुवर्षे हेच तंटे ऐकणारा न्यायाधीश बसतो, आणि त्याला नकाशा वाचता येतो.

शिक्षणाचीही तीच गोष्ट आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९८७ साली बांधकाम कायद्याचे स्वतंत्र केंद्र निघाले. ते काढणारे जॉन अफ हे स्वतः अभियंता आणि बॅरिस्टर, दोन्हीही होते. या केंद्राच्या अभ्यासक्रमात वकील, अभियंते, वास्तुशिल्पी आणि मोजणीतज्ज्ञ एकाच वर्गात शेजारी-शेजारी बसतात. वकिलाला काँक्रीट कसे घट्ट होते ते थोडे कळावे आणि अभियंत्याला आपण लिहिलेल्या पत्राचा न्यायालयात काय अर्थ होईल ते कळावे, हा त्यामागचा हेतू. तेथील बांधकामतज्ज्ञ पेढ्यांतही अशी दुहेरी शिकलेली माणसे आढळतात.

मग अशा पेढीत गेलेल्या विद्यार्थ्याने काय पाहावे? काचेच्या भिंती आणि दिवाणखान्यातील चित्रे पाहण्यात वेळ दवडू नये. एखाद्या मिटलेल्या तंट्याच्या कागदपत्रांची रचना कशी केली आहे ते दाखवा, अशी विनंती त्याने करावी. त्याला दिसेल की तेथे लढाई वक्तृत्वावर जिंकली जात नाही. कामाचे मूळ वेळापत्रक, ते दर महिन्याला कसे सुधारले त्याच्या प्रती, जागेवरची रोजची नोंदवही, पावसाची नोंद, नकाशा कोणत्या तारखेला मागितला आणि कोणत्या तारखेला हाती पडला त्याची पोच, बैठकांची इतिवृत्ते, अशा नीरस वाटणाऱ्या कागदांवर कोट्यवधींचे निकाल लागतात. काम का लांबले आणि कोणामुळे किती लांबले याचा हिशेब कसा करावा, यासाठी तेथील बांधकाम कायदा मंडळाने २००२ साली एक मार्गदर्शक संहिता काढली आणि २०१७ साली ती सुधारली. तिचे सार एका वाक्यात सांगायचे तर, तंटा होईल म्हणून नव्हे, तर तो होऊ नये म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवा.

आपल्याकडे नेमके येथेच घोडे पेंड खाते. सार्वजनिक बांधकाम खात्याची मोजणीवही असते. पण ती बिल काढण्यापुरती. मुदतवाढीचा अर्ज काम संपत आल्यावर केला जातो, तो मंजूर कोणत्या कारणास्तव केला हे त्यावर लिहिलेले नसते, आणि दहा वर्षांनी लवादापुढे उभे राहिल्यावर दोन्ही पक्ष आपापल्या स्मरणशक्तीवर विसंबून भांडतात. अशा भांडणात सत्य हरते आणि व्याज वाढते. ते व्याज कंत्राटदार भरीत नाही, मंत्रीही भरीत नाही; तुम्ही-आम्ही भरतो.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तंट्याचा तातडीचा निकाल. १९९६ हे साल या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या वर्षी आपल्या संसदेने १९४० चा जुना लवाद कायदा रद्द करून नवा केला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने सर मायकेल लेथम यांच्या १९९४ सालच्या अहवालाचा आधार घेऊन बांधकाम करारांसाठी एक वेगळीच तजवीज केली. काम चालू असतानाच कोणत्याही पक्षाला तंटा एका तटस्थ निर्णायकाकडे नेता येतो. प्रकरण त्याच्याकडे गेल्यापासून त्याने साधारणतः २८ दिवसांत निर्णय द्यायचा. तो मान्य नसेल तर पुढे न्यायालयात वा लवादाकडे जरूर जावे, पण तोवर निर्णयाप्रमाणे पैसे द्यावेत आणि काम चालू ठेवावे. ‘मला वरून पैसे मिळाले की तुला देईन’ ही मुख्य कंत्राटदाराची जुनी सबबही त्या कायद्याने जवळजवळ बंद केली. १९९८ साली तो अमलात आला आणि पुढच्याच वर्षी मॅकॉब खटल्यात न्यायालयाने अशा निर्णयांची अंमलबजावणी केलीच पाहिजे असे निःसंदिग्धपणे सांगितले. न्यू साउथ वेल्सने १९९९ साली, सिंगापूरने २००४ साली, मलेशियाने २०१२ साली आपापल्या पद्धतीने हाच मार्ग धरला. हाँगकाँगमध्येही २०२५ साली असा कायदा लागू झाला आहे.

आणि आम्ही? आमच्या नव्या कायद्याने लवाद कोणी नेमायचा याच प्रश्नावर पहिली कित्येक वर्षे घालविली. यात कोकण रेल्वेचे नाव देशाच्या कायदेइतिहासात कोरले गेले, ते मात्र बोगद्यांमुळे नव्हे. लवाद नेमण्याचा सरन्यायाधीशांचा अधिकार प्रशासकीय की न्यायिक, या वादात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कोकण रेल्वेच्याच खटल्यात एक निर्णय दिला आणि २००५ साली पटेल इंजिनिअरिंग खटल्यात सात न्यायमूर्तींनी तो फिरविला. गाडी १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी संपूर्ण मार्गावर धावू लागली. लवाद कसा नेमावा हे ठरायला त्यानंतर सात वर्षे लागली. निवाड्यासाठी बारा महिन्यांची मुदत कायद्यात आली ती २०१५ च्या दुरुस्तीने. दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गाच्या प्रकरणात २०१७ सालचा लवादनिवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कायम केला आणि त्याच न्यायालयाने २०२४ साली उपचारात्मक याचिकेत तो रद्द ठरविला. त्यानंतर दोन महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, केंद्रीय अर्थखात्याने सूचना काढली की सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये आणि घातल्यास ते साधारणतः दहा कोटी रुपयांहून कमी रकमेच्या तंट्यांपुरते ठेवावे. लवाद महाग आणि लांबट झाला ही तक्रार खरी आहे. परंतु एक दार बंद करताना दुसरे कोणते उघडले, असे विचारल्यास आधीच खटल्यांनी तुंबलेल्या दिवाणी न्यायालयांकडे बोट दाखविले जाते. तापाने फणफणलेल्याला वैद्याने दुसऱ्या वैद्याचा पत्ता द्यावा, तशातला हा प्रकार झाला.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही लंडनची भलावण करीत आहोत. तसे नाही. तिकडचे कलम इकडे जसेच्या तसे लावू पाहणाऱ्याला आपला कायदा लगेच अडवील. विलंबाबद्दल करारात ठरविलेली रक्कम खरी भरपाई की नुसता दंड, यावर इंग्लंडमध्ये शतकानुशतके खल झाला आणि २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी नव्याने घालून दिली. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाने तो भेदच बाजूला सारला आहे. नाव काहीही द्या, ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळेल. आंतरराष्ट्रीय अभियंता महासंघाच्या प्रसिद्ध लाल पुस्तकातील नमुना करारात अठ्ठावीस दिवसांत मागणीची सूचना न दिल्यास हक्क बुडतो असे १९९९ च्या आवृत्तीपासून म्हटले आहे. त्या मुदतीकडे आपल्या करार कायद्याच्या २८ व्या कलमाच्या चष्म्यातून पाहिले की ती कितपत टिकेल हा वादाचा विषय होतो, कारण ठरावीक मुदतीनंतर हक्कच नष्ट करणारी अट ते कलम निरर्थक ठरविते. जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या कायद्याचे हे ज्ञान शिदोरीत बांधून न्यावे. आपल्या घराचा उंबरठा किती उंच आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने परगावच्या सुताराकडून दार आणू नये.

याहून गंभीर असा एक मुद्दा आहे आणि आमच्या मते तोच या साऱ्याचा गाभा आहे. १४ जून २०१७ च्या पहाटे याच लंडन शहरात ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली निवासी इमारत पेटली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. काही काळापूर्वीच तिचे नूतनीकरण होऊन तिला बाहेरून नवे आवरण बसविलेले होते. ज्वालाग्राही गाभा असलेल्या त्या आवरणावरून आग वर चढली. या कामात वास्तुशिल्पी होते, मुख्य कंत्राटदार होता, आवरणाचे पोटकंत्राटदार होते, अग्निसुरक्षेचे सल्लागार होते, पालिकेचे बांधकाम निरीक्षकही होते. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. हे सर्व मृत्यू टाळता येण्यासारखे होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आवरण सुरक्षित आहे की नाही हे पाहणे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे असे जो तो समजत राहिला, आणि माल बनविणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालाच्या चाचण्यांविषयी बाजाराला फसविले, हे त्या अहवालाच्या पानापानांतून दिसते.

जगातील उत्तम बांधकाम वकील ज्या शहरात बसतात, ज्या शहरात खास न्यायालय आहे, खास अभ्यासक्रम आहे, खास ग्रंथ आहेत, त्याच शहरात हे घडले. याचा अर्थ तो कायदा वाया गेला असा नव्हे. याचा अर्थ इतकाच की, मालक आणि कंत्राटदार यांच्यातील पैशाचा न्याय लावण्यात पारंगत असलेला कायदा त्या छपराखाली झोपणाऱ्या माणसाला आपोआप वाचवीत नाही, कारण तो झोपणारा माणूस त्या करारात पक्षकारच नसतो. ब्रिटनने यातून धडा घेऊन २०२२ साली इमारत सुरक्षा कायदा केला. उंच निवासी इमारतींसाठी ठरावीक टप्प्यांवर परवानगीचे फाटक बसविले. आराखड्यापासून वापरापर्यंतची सर्व माहिती एका सलग धाग्यात जपून ठेवण्याचे बंधन घातले. राहण्यास अयोग्य घर बांधणाऱ्यावर दावा करण्याची मुदत पुढील कामांसाठी पंधरा वर्षे आणि पूर्वीच्या कामांसाठी तीस वर्षांपर्यंत नेली. हे शहाणपण ७२ जिवांचे मोल देऊन आलेले आहे. लंडनच्या पेढीत बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याने तेथील वकिलांना नम्रपणे पण नेमका हाच प्रश्न विचारावा, की आपण दाखविलेल्या या सुंदर कागदपत्रांत घरात राहणारा माणूस कोठे आहे?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार गोमंतकीय विद्यार्थ्याला विशेष आहे. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि पोटासाठी परप्रांतांतून आलेले तीसहून अधिक मजूर तिच्याखाली गाडले जाऊन मरण पावले. ढिगारा उपसण्यास अनेक दिवस लागले. त्या मजुरांनी कोणत्याही करारनाम्यावर सही केलेली नव्हती. बांधकाम मजुरांची सुरक्षितता आणि कल्याण यांसाठी संसदेने केलेला कायदाही योगायोगाने १९९६ सालचाच; पुढे तो नव्या कामगार संहितांत सामावून घेण्यात आला. कायदा नव्हता असे कोणीच म्हणू शकत नाही. नव्हता तो कायदा आणि जागेवरचे काम यांना जोडणारा माणूस.

अशा घटनांची यादी लांबविणे अवघड नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला आणि तिसवाडी-बार्देशची लोकवस्ती पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचे छत पडले. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणात राजकोट येथील छत्रपतींचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर होते, दोष दुसऱ्याचा असल्याचे सांगितले जाते, कोणाला तरी निलंबित केले जाते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सारे विसरले जाते. बैल गेला आणि झोपा केला एवढे तरी म्हणता यावे. येथे झोपाही होत नाही.

या विसराळूपणात आपण सामान्य नागरिकही भागीदार आहोत, हे लपवून चालणार नाही. फ्लॅटचा ताबा मिळाला की आपण वास्तुशांत करतो, सत्यनारायण घालतो, सोयऱ्याधायऱ्यांना जेवू घालतो. करारनाम्यावर मात्र बिल्डरचा कारकून बोट ठेवील तेथे सह्या करतो आणि ती पाने कपाटात टाकतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १४ व्या कलमानुसार, ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधणीतला वा कारागिरीतला दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. हे किती फ्लॅटधारकांना ठाऊक आहे? वास्तुपुरुषाची प्रार्थना करणे योग्यच आहे. पण गळक्या स्लॅबचा जाब त्याला विचारता येत नाही.

आपल्या पूर्वजांना ही जबाबदारीची भाषा अपरिचित नव्हती. खाजन शेतीचे बांध कोणी राखायचे, मानशीची देखभाल कोणी करायची, याची वाटणी गावकरीच्या व्यवस्थेत ठरलेली असे. खारे पाणी एकदा शेतात शिरले की भांडणाचा निकाल लागेपर्यंत ते थांबत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. म्हणून ज्याचे काम त्याच्या गळ्यात आधीच बांधलेले असे. लंडनचे बांधकाम वकील ‘जोखमीची वाटणी’ म्हणतात ती याहून निराळी नाही. आपण ती विसरलो आणि आता ती तिकडून शिकून यावी लागते, ही खेदाची गोष्ट असली तरी शिकून येण्यात कमीपणा मुळीच नाही.

तेव्हा या दौऱ्यांसंबंधी आमच्या काही सूचना आहेत. पहिली अशी की, लंडनला जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने घराजवळचे काम पाहिलेले असावे. कायद्याच्या अभ्यासक्रमात पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला वीस आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला बारा आठवड्यांची उमेदवारी सक्तीची आहे. तीतील काही आठवडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एखाद्या विभागात, स्थावर संपदा प्राधिकरणाच्या कचेरीत आणि एखाद्या पंचायतीच्या बांधकाम परवान्यांच्या फायलींत घालवावे. चिऱ्याची भिंत आणि सेंट्रिंगचा टेकू ज्याने जवळून पाहिला आहे, त्यालाच परदेशी पेढीत काय विचारावे ते सुचेल.

दुसरी सूचना अशी की, मिरामारच्या कायदा महाविद्यालयाने, फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि आल्तिनोवरील वास्तुशिल्प महाविद्यालयाने एकत्र येऊन एक सामाईक वर्ग सुरू करावा. तिन्ही संस्था एका दिवसात फिरून येण्याइतक्या जवळ आहेत. किंग्ज कॉलेजाने १९८७ साली जे केले त्याला फार मोठे भांडवल लागत नाही. वकिलाने आणि अभियंत्याने एका बाकावर बसण्याची तयारी लागते. दौऱ्यावर पाठवायचे तर अशा वर्गातून दोघांना जोडीने पाठवावे, आणि ज्यांच्या घरची ऐपत नाही त्यांचा खर्च शिष्यवृत्तीतून व्हावा. नाहीतर ही विद्या मूठभर घरांतच राहील आणि तीही मुंबई-दिल्लीच्या बड्या कंत्राटदारांच्या सेवेला रुजू होईल.

तिसरी सूचना राज्य सरकारला आहे. अठ्ठावीस दिवसांच्या तातडीच्या निर्णयाची पद्धत आणण्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याच निविदांच्या अटींत तसे कलम घालून, काही निवडक कामांवर सरकारला तिचा प्रयोग करता येईल. त्याचबरोबर प्रत्येक मोठ्या सार्वजनिक कामाचे मूळ वेळापत्रक, मुदतवाढी आणि त्यांची कारणे लोकांना पाहण्यास खुली ठेवावी. प्रामाणिक कंत्राटदाराला याचे भय वाटणार नाही, उलट त्याचे अडकलेले बिल लवकर सुटेल. भय वाटेल ते ज्यांचा धंदाच अंधारावर चालतो त्यांना.

आणि शेवटची अपेक्षा खुद्द विद्यार्थ्यांकडून. परत आल्यावर त्यांनी इंग्रजीत अहवाल लिहून महाविद्यालयाच्या कपाटात ठेवू नये. फ्लॅट घेणाऱ्याने करारात काय पाहावे, मजुराच्या सुरक्षेसाठी कोण उत्तरदायी आहे, ग्रामसभेत रस्त्याच्या वा पुलाच्या कामाविषयी कोणते कागद मागावेत, हे चार-आठ पानांत सोप्या मराठीत आणि कोकणीत लिहून गावोगावच्या वाचनालयांत ठेवावे. लंडनमधील वकील ज्या ज्ञानासाठी तासाच्या हिशेबाने मोठे मोल घेतात, त्यातला थोडा अंश तरी काणकोणच्या, सांग्याच्या, पेडण्याच्या माणसाच्या हाती अशा रीतीने विनामूल्य पडेल.

काणकोणच्या त्या ढिगाऱ्याखाली गेलेले मजूर परत येणार नाहीत. परंतु पुढच्या इमारतीच्या पायाभरणीच्या वेळी, ही जबाबदारी नेमकी कोणाची, हे लिहून घेतल्याशिवाय नारळ फोडू न देणारा एक जरी तरुण वकील आणि एक जरी तरुण अभियंता या वाऱ्यांतून तयार झाला, तर त्यांच्या तिकिटाचे पैसे फिटले असे आम्ही समजू.